बाई 'हो' म्हणाल्या

१

बाईंना पोचवून मंडळी परत आली, तेव्हा त्यांच्या दारात रडणाऱ्यांपेक्षा माइकवालेच जास्त होते. गल्लीच्या तोंडाशी टपावर तबकड्या लावलेल्या गाड्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या. एरवी ज्या गावाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्या गावातला सलूनवालासुद्धा सकाळपासून वाहिन्यांवर बोलबोलून घसा बसवून घेऊन बसला होता.

झालं होतं ते असं. या गावचा मुलगा मंत्री झाला, त्याला बरीच वर्षं झाली. आता राज्याची गादी त्याच्याकडेच येणार अशी हवा होती. म्हणून देशाच्या राजधानीची एक वाहिनी 'मातीचं नातं' नावाचा कार्यक्रम करायला परवा गावात उतरली. तसे दर निवडणुकीला कुणी ना कुणी यायचेच. शाळेतला तोच बाक दाखवायचे, तोच पार दाखवायचे आणि शेवटी मंत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंच्या घरी येऊन चहा प्यायचे. बाईही ठरलेलं बोलायच्या. "हुशार होता, हट्टी होता, डबा मात्र कायम दुसऱ्याचा खायचा." लोक हसायचे आणि कार्यक्रम संपायचा.

परवा मात्र बाई वेगळंच काहीतरी बोलल्या. काय ते गावात धड कुणालाच ठाऊक नव्हतं; खोलीत होते ते तोंड उघडत नव्हते, आणि चित्रीकरण संपल्यावर चहापाण्याच्या गडबडीत कॅमेऱ्याचं कार्ड टेबलावरून गेलं ते गेलंच. वाहिनीच्या बातमीदार बाईने स्वतःच्या फोनवर मधलं एक वाक्य टिपलं होतं, तेवढंच उरलं. ते वाक्य वाहिनीने त्या दिवशी दिवसभर वाजवलं. "हो, आपण ठरवलं होतं ना, हे कुणाला सांगायचं नाही म्हणून?" त्याच संध्याकाळी बाईंच्या छातीत कळ आली आणि काल पहाटे दवाखान्यात त्या गेल्या.

म्हणजे आता कार्डही नाही आणि बाईही नाहीत. पडद्यावर मोठाल्या अक्षरांत एकच प्रश्न फिरत होता: मंत्र्यांनी पुरावा गायब केला का?

या सगळ्या गर्दीत एका बाईचा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. ती गावातल्या साप्ताहिकाची एकुलती एक बातमीदार. गाव तिला 'फोटोतली' म्हणायचं. ती चार वर्षांची असताना वादळात शाळेचं छप्पर कोसळलं. एक मुलगा तिला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला, आणि तो क्षण साप्ताहिकाच्या संपादकाने टिपला. धुळीने माखलेला मुलगा, त्याच्या खांद्यावर डोकं टाकलेली चिमुरडी. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी तो फोटो उचलला. तोच मुलगा पुढे मंत्री झाला, आणि दर निवडणुकीला फोटोतलीला नवी साडी नेसून त्याच्याशेजारी उभं राहावं लागायचं.

त्या छपराने एकच बळी घेतला होता, बाईंच्या आणि सरांच्या एकुलत्या एका मुलाचा. तो मात्र कुणाच्या फोटोत नव्हता. "बिचारा घाबरून बाकाखाली लपला आणि तिथेच राहिला," असं गाव सांगायचं. सांगताना आवाजात कणव असायची, पण ती भित्र्या माणसाबद्दलची.

बाईंनी 'कुणाला सांगायचं नाही' असं ज्याबद्दल म्हटलं, ते त्या दिवसाबद्दलच असणार, हे फोटोतलीला वाक्य ऐकताक्षणी जाणवलं. त्या दिवसाने तिला जन्म दिला होता म्हटलं तरी चालेल. बाई कॅमेऱ्यापुढे काय बोलल्या ते कळल्याशिवाय तिला घास जाणार नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संपादक काकांना पोलिसांनी चौकीवर बसवून घेतलं होतं.

२

तिने चौकी गाठली तोवर काकांना सोडलं होतं, पण गाव सोडायचं नाही अशी तंबी देऊन. ती त्यांच्याबरोबर छापखान्यात आली. यंत्रं बंद होती. काका खुर्चीत बसले तेव्हा एकदम म्हातारे दिसले.

"परवा मी तिथे होतो ना, दिवा धरून," ते म्हणाले. "वाहिनीवाल्यांकडे उजेड कमी पडला म्हणून मला बोलावलं. आता मीच चोर. फोटो माझा, तो खोटा ठरला तर अब्रू माझी जाणार, म्हणून मी कार्ड ढापलं, असं फौजदाराचं डोकं चालतंय."

"फोटो खोटा कसा ठरेल, काका?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"फोटो खरा आहे गं. समोर जे दिसलं ते काढलं. पण धुळीत तोंड कुणाचं ओळखू येतंय? सगळी पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी. मी नाव आपल्या मनाने टाकलं नाही. फोटो धुऊन झाला तसा सरांकडे घेऊन गेलो. ते मुख्याध्यापक, पोरं ओळखणार तेच. त्यांच्या घरात तेव्हा मुलाला आणून ठेवलेलं. मला लाज वाटत होती विचारायला, पण छपाई थांबली होती. सरांनी फोटो हातात घेतला, बघितला आणि नाव सांगितलं. तेच मी छापलं."

"बाईंनी बघितला?"

"त्या शेजारीच होत्या. बघितला आणि आत गेल्या." काका जरा घुटमळले. "एक सांगतो, रागावू नकोस. बाई परवा बोलत होत्या तेव्हा दिवा धरता धरता माझं लक्ष त्यांच्याकडे कमी आणि सावली पडते का तिकडे जास्त. म्हातारा झालो मी. त्या त्यांच्या मुलाबद्दल काहीतरी म्हणाल्या, एवढं कानावर आलं. पुढचं नाही."

"मुलाबद्दल?"

"हो. आणि मग सगळे गप्प झाले. थोरले तर खुर्चीतून उठलेच."

थोरले म्हणजे मंत्र्यांचे सख्खे मोठे भाऊ.

३

मंत्र्यांचं संपर्क कार्यालय म्हणजे एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर तोच फोटो, दारापेक्षा मोठा केलेला. फोटोतली आत आली की कार्यकर्ते नेहमी उठून उभे राहायचे. आज कुणी मान वर केली नाही.

थोरले दोन फोनांवर एकाच वेळी बोलत होते. तिला बघून दोन्ही खाली ठेवले.

"तूही विचारायला आलीस? विचार. मी होतो तिथे. त्या बाईने माझ्या देखत माझ्या भावाचा केसाने गळा कापला. काय म्हणाली ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

"बाईंना आज पोचवून आलोय आपण."

थोरल्यांचा आवाज खाली आला. त्यांनाही बाईंनीच शिकवलं होतं. गावात बाईंनी शिकवलं नाही असा माणूस शोधायला दिवा लावावा लागला असता.

"चुकलो. तोंडातून गेलं." त्यांनी दोन्ही फोन बाजूला सारले. "पण कार्ड मी घेतलं नाही. मला घ्यायचं असतं तर वाहिनीच्या मालकाला एक फोन केला असता, चोरी कशाला करू? ते 'आपण ठरवलं होतं' ऐकलंस ना? लोक म्हणतात बाईंनी आणि धाकट्याने मिळून काहीतरी शिजवलं होतं. अरे, तेव्हा तो नववीतला पोरगा! त्याला काय ठरवता येणार?"

"तुम्ही होता का त्या दिवशी गावात?"

"मी कॉलेजात, वसतिगृहावर. पत्र आलं तेव्हा कळलं. सुट्टीत आलो तर हा हिरो झालेला. आणि कसला हिरो, महावस्ताद नुसता! त्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच शाळेच्या भिंतीवरून उडी मारून हात मोडून घेतला होता. मी आलो तेव्हाही प्लास्टर गळ्यात. आई त्याला भरवायची आणि हा राजासारखा..."

थोरले बोलता बोलता थांबले.

फोटोतलीने भिंतीकडे बघितलं. भिंतीवरच्या मुलाने तिला दोन्ही हातांवर उचललं होतं. दोन्ही हात धडधाकट होते, कोपरापासून बोटांपर्यंत.

"सुट्टी वादळाच्या आधीची की नंतरची?" तिने विचारलं.

थोरल्यांनी एक फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. उत्तर त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं.

४

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. ज्या माणसाच्या शेजारी उभी राहून ती दर निवडणुकीला 'यांनी मला जीवदान दिलं' असं म्हणत आली, त्याने तिला कधी उचललंच नव्हतं. मग तिला कुणी उचललं होतं?

आतल्या आत तिला उत्तर कळलं होतं, पण ते मान्य करायला तिचं मन धजत नव्हतं. आणि ते खरं असलं तरी कार्ड कुणी नेलं ते कळत नव्हतंच. तिने वाहिनीच्या बातमीदार बाईला गाठलं. ती गाडीच्या मागच्या आसनावर पाय वर घेऊन बसली होती, डोळे लाल. वरचे अधिकारी तिला कार्ड हरवल्याबद्दल फाडून खात होते, आणि कार्ड मिळेपर्यंत बाई काय बोलल्या त्याचा शब्दही बाहेर काढायचा नाही अशी तंबी होती.

"मूळ आवाज ऐकवता का?" फोटोतलीने विचारलं. "पडद्यावर तुमचा निवेदक वरून बोलतो, बाईंचं काही धड ऐकू येत नाही."

"ऐका. खालची भाषांतराची पट्टी मी नाही लिहिलेली, ती तिकडे डेस्कवर होते. त्यांना आपली भाषा येत नाही." तिने फोन पुढे केला.

फोटोतलीने कानाला लावला. बाईंचा आवाज आला आणि तिचे डोळे भरले. तिने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

हो, आपण ठरवलं होतं ना...

बाईंचा एक तास तिला स्पष्ट आठवला. पाचवीचं व्याकरण. कुणी निबंधात 'आम्ही' आणि 'आपण' यांची गल्लत केली की बाई खडू आपटायच्या. "आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहिला. आपण म्हटलं की तोही आत आला. माणसं आत-बाहेर करताना जरा बघत जा रे!" राजधानीच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. डेस्कवरच्या माणसाने तो लिहिला आणि सगळा देश समजला की बाई आणि मंत्री. पण मंत्री तर त्या खोलीत नव्हता. बाई ज्याला 'आपण' म्हणत होत्या तो समोर होता. त्या दिवशीही होता आणि परवाही.

थोरले तेव्हा वसतिगृहावर, म्हणजे ते गळाले. काका तेव्हाही होते आणि परवा हातात दिवा धरून उभे होते. काका?

"बाई असं म्हणाल्या त्याआधी तुम्ही काय विचारलं होतं?" तिने घाईने विचारलं.

"काहीच नाही. त्या बोलता बोलता थांबल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. आता काहीतरी येतंय असं वाटलं, म्हणून मी फोन काढून टिपायला लागले."

"आणि दुसऱ्या कुणी?"

"कुणीच काही नाही विचारलं. सगळे गप्प होते."

"मग त्या 'हो' कुणाला म्हणाल्या?"

प्रश्नच नव्हता तर 'हो' कशाला?

फोटोतलीने फोन कानाला घट्ट दाबला आणि ते अगदी सुरुवातीचं ऐकलं. बोट उशिरा दाबलं गेलं होतं. आधीचं अक्षर तुटून राहिलं होतं, त्याचा नुसता श्वास उरला होता. बाई 'हो' म्हणाल्याच नव्हत्या.

त्या 'अहो' म्हणाल्या होत्या.

काकांना बाई 'अरे' म्हणायच्या. थोरल्यांना 'अरे'. मंत्र्याला तर भर सभेत 'अरे गाढवा' म्हणाल्या होत्या आणि सभा हसून लोटपोट झाली होती. फौजदार, डॉक्टर, नगराध्यक्ष, सगळे 'अरे'. या गावात बाई ज्याला 'अहो' म्हणत असा माणूस एकच होता. परवा तो स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता, आणि चहा देणाऱ्या म्हाताऱ्या नवऱ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

५

सर स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते. ओट्यावर दोन कप होते. सवयीने दोन काढले असावेत, कारण त्यातला एक ते परत फळीवर ठेवत होते.

"ये," ते म्हणाले. "तूच येशील असं वाटलं होतं."

"सर, कार्ड तुमच्याकडे आहे."

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि नखाएवढं कार्ड ओट्यावर ठेवलं. नाही म्हणण्याचा प्रयत्नही केला नाही.

"कपबश्यांबरोबर ट्रेमध्ये आलं," सर म्हणाले. "म्हणजे मी आणलं. हिने बघितलं मला उचलताना. पण बोलली नाही."

"फोटोतला मुलगा मंत्री नाही, सर. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता."

"नाही."

"तो तुमचा मुलगा आहे."

सर खाली बसले. त्यांनी होकाराची मान हलवली, आणि मग बराच वेळ त्यांना ती थांबवता येईना.

"मग तुम्ही दुसऱ्याचं नाव का सांगितलंत?" तिचा आवाज चढला. तिला स्वतःलाच तो ऐकवेना. "गाव त्याला भित्रा म्हणतं! बाकाखाली लपला म्हणतं! मी इतकी वर्षं तेच ऐकत आले. माझ्या मुलांना मी तेच सांगितलंय, सर!"

"छपराचा अर्धा भाग आधी पडला," सर बोलू लागले. त्यांचा आवाज वर्गातला झाला, सपाट आणि स्पष्ट. "पोरं बाहेर पळाली. तो बालवर्गात शिरून तुम्हां लहानांना आणत होता. शेवटी तुला घेऊन आला. मी पटांगणात पोरांची रांग लावून मोजत होतो. हजेरीइतकी डोकी भरेनात. एक कमी. तुला धरून पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. तो माझ्या शेजारी उभा होता, धापा टाकत. मी म्हटलं, एक राहिलाय रे. त्याने तुला माझ्या हातात दिलं आणि आत गेला."

बाहेर कुणीतरी माइकची चाचणी घेत होतं. एक, दोन, एक, दोन.

"ही धावत आली. मला म्हणाली, अहो, त्यात आपला धरलात का?"

फोटोतलीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिने ओट्याचा कठडा धरला.

"रांगेत तो नव्हता ना," सर म्हणाले. "तो माझ्या शेजारी होता. कमी होता तो तोच. आत कुणीच राहिलं नव्हतं. मी हाक मारली. उरलेलं छप्पर तेव्हाच बसलं."

सरांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"तो वाचवणारा होता असं छापलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग परत आत कशाला गेला? कुणासाठी? लपून बसलेल्याबद्दल कुणी असं विचारत नाही. काका फोटो घेऊन आला तेव्हा जे पहिलं नाव तोंडात आलं ते सांगितलं. त्या पोरानेही कुणाला काही म्हटलं नाही. नववीतला पोरगा, सगळे टाळ्या वाजवताहेत, तो काय म्हणणार? गळ्यातलं प्लास्टर लोकांना त्या दिवशीचीच जखम वाटली. मग आम्ही दोघांनी ठरवलं. कुणाला सांगायचं नाही. म्हणजे मी ठरवलं. ही हो म्हणाली, माझ्याकडे बघून."

"आणि परवा?"

"डॉक्टरांनी हिला सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. पोराला असा टाकून मी जाणार नाही म्हणाली. मी गप्प राहिलो. कॅमेऱ्यापुढे बसली आणि सगळं सांगितलं. फोटोतला मुलगा माझा आहे म्हणाली. तोवर ठीक होतं. मग म्हणाली," सरांचा आवाज फुटला, "म्हणाली, पोरं मी मोजत होते. मोजताना चूक माझी झाली. साऱ्या जन्मात कधी खोटं बोलली नाही गं ती. मरताना बोलली. माझ्यासाठी."

"म्हणून कार्ड घेतलंत."

"ते खोटं मला बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायची छाती नव्हती. म्हणून खिशात ठेवलं. दवाखान्यात नेताना गाडीत माझा हात धरून म्हणाली, अहो, कार्ड देऊन टाका त्यांना. मी म्हटलं, उद्या देतो."

फोटोतली त्यांच्याजवळ खाली बसली. तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण धरून ठेवायला त्याला कुठे जागाच सापडेना. समोर एक म्हातारा होता, ज्याने एकदा मोजताना चूक केली होती आणि त्यानंतर रोज तीच बेरीज करत बसला होता.

"हे कार्ड मी वाहिनीला दिलं," ती सावकाश म्हणाली, "तर देश म्हणणार की बाईंची चूक. दिलं नाही तर काकांना चोर म्हणणार आणि तुमच्या मुलाला भित्रा. सर, कार्ड जाईल तेव्हा जाईल. त्याआधी कुणीतरी बोलायला हवं."

सरांनी तिच्याकडे बघितलं. बाहेर एकदम गलका झाला. मंत्र्यांची गाडी आली होती.

६

मंत्री आत आले, चपला दारात काढून. कार्यकर्त्यांना त्यांनी बाहेरच थांबवलं. सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचनात. सरांनीच त्यांना खांद्याला धरून उठवलं.

थोरल्यांचा फोन त्यांना गेलेला असणार, कारण त्यांनी फोटोतलीकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं," मंत्री म्हणाले. "सुरुवातीला चांगलंच माहीत होतं. झोप यायची नाही. मग इतक्या वेळा सांगितलं, इतक्या जणांनी छापलं, की आता डोळे मिटले तर मीच तुला घेऊन बाहेर येताना दिसतो. धूळही नाकात जाते. खोटं नाही सांगत." ते थांबले. "त्याचा चेहरा मात्र आठवत नाही. शेजारच्या बाकावर बसायचा, त्याचा डबा मी खायचो, आणि चेहरा आठवत नाही."

सर भिंतीला धरून उभे राहिले. "चल," ते फोटोतलीला म्हणाले. "माझा हात धर."

ते ओसरीवर आले तसे सगळे माइक एकदम पुढे सरकले. मागे मंत्री उभे होते. कॅमेऱ्यांना हवं तेच मिळालं होतं: गुरू, शिष्य आणि मध्ये फोटोतली. गल्ली गच्च भरली होती. काका कोपऱ्यात उभे होते, कुणापासून तरी लपल्यासारखे.

"सर, बाईंच्या जाण्याने मंत्र्यांनी आईच गमावली, असं म्हणता येईल का?" एकाने विचारलं.

"गावाचं आणि त्यांचं नातं एका वाक्यात सांगा," दुसरा ओरडला.

"मला माझ्या मुलाबद्दल सांगायचंय," सर म्हणाले.

"म्हणजे मंत्री तुम्हाला मुलासारखेच, नाही का?" पहिल्याने झटकन वाक्य पूर्ण करून टाकलं, आणि चार-पाच जणांनी माना डोलावून तेवढंच टिपून घेतलं.

"सारखे नाही," सर म्हणाले. "मुलगा." आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. त्या दारात ते नाव इतक्या वर्षांत मोठ्याने कुणी उच्चारलं नव्हतं.

माइकवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. "हा कोण?" कुणीतरी हळूच विचारलं.

गावाला मात्र नाव आठवलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी "अगंबाई, तो होय" असं म्हणाली, तीच जुनी कणव आवाजात आणून. ते ऐकून फोटोतलीने सरांचा हात घट्ट धरला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगायचं तिने नव्हतंच. मागे मंत्र्यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना आत ओढायला एक कार्यकर्ता पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच नको म्हटलं.

सरांनी घसा साफ केला. शाळेच्या पटांगणात बोलायला उभे राहायचे तसे ते ताठ झाले.

"शाळा पडली त्या दिवशी," सर म्हणाले, "पोरं मी मोजत होतो."